बागल सर पाणी सोडतात

मानसिंगराव बागल यांनी परसात धबधबा बांधायला घेतला, तेव्हा त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. सोलापूरची माणसं तशी भिडस्त. त्यांनी फक्त मुक्ताबाईंना बाजूला घेऊन "सरांना ऊन बाधलं का हो?" एवढंच विचारलं आणि जाता जाता कैरीचं पन्हं सुचवलं. मुक्ताबाईंनी पन्हं केलं. सर ते दोन पेले प्यायले आणि पुन्हा पहार घेऊन टेकाडावर गेले.

टेकाड त्यांचं स्वतःचं होतं. म्हणजे तसं ते कुणालाच नको होतं. सोसायटीचे प्लॉट वाटले गेले तेव्हा हा शेवटचा, मागं मुरमाचा आणि काळ्या खडकाचा उंचवटा असलेला प्लॉट बराच काळ तसाच पडून राहिला. मग चेअरमननी त्याला 'निसर्गसान्निध्य' असं नाव दिलं आणि तो भूगोलाच्या शिक्षकाच्या गळ्यात मारला. निसर्ग म्हणजे टेकाडावरची घाणेरीची झुडपं आणि सान्निध्य म्हणजे त्यांतून अधूनमधून घरात येणारे विंचू. परसात एक जुना आड होता. त्याचा कठडा ढासळला होता, रहाट मोडला होता, आणि आत पाण्यापेक्षा गाळच जास्त होता. सोसायटीतली माणसं तो आड फक्त लहान मुलांना भीती घालायला वापरत.

अशा जागी धबधबा का सुचावा? तर त्याला मुक्ताबाईंचे धाकटे बंधू भीमराव कारण झाले.

मुक्ताबाईंचं माहेर पाटणच्या बाजूचं, डोंगरातलं. तिथून भीमराव पाडव्याला तांदळाचं पोतं घेऊन आले. जेवण झाल्यावर परसात बाज टाकून आडवे झाले, टेकाडाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दाजी, एक इचारू? तुमच्या सोलापुरात वरनं खाली पडनारं पानी एकच का वो? घाम?"

सगळे हसले. पोरं हसली, शेजारचे सिद्धलिंगप्पा कुंपणापलीकडून हसले, त्याचं काही नाही. पण मुक्ताबाईही हसल्या, आणि अगदी पदर तोंडाला लावून हसल्या. मानसिंगरावांच्या ते जिव्हारी लागलं. एक तर गेली कित्येक वर्षं ते आठवीच्या वर्गाला धबधबा शिकवत होते. फळ्यावर निळ्या खडूनं काढलेला त्यांचा धबधबा शाळेत नावाजलेला होता, इन्स्पेक्टरसाहेबांनी त्याखाली हात धरून "वा, गार लागतंय" असा विनोदही केला होता. आणि दुसरं म्हणजे ती जुनी गोष्ट. लग्न होऊन मुक्ताबाई नव्यानं सोलापुरात आल्या, तेव्हा एका पहाटे त्या पायरीवर गुडघ्यात मान घालून बसल्या होत्या. मानसिंगरावांनी विचारलं तर म्हणाल्या, "हितं पहाटं पानी वाजत न्हाय." तेव्हा मानसिंगराव तरुण होते, भूगोलात बी.ए. होते. ते म्हणाले होते, "एक दिवस मी तुला इथं पाणी वाजवून दाखवीन." तो दिवस अजून यायचा होता.

"पुढच्या वेळी याल तेव्हा," मानसिंगराव बाजेवरच्या मेव्हण्याला म्हणाले, "ह्या टेकाडावरून पाणी पडताना दाखवतो तुम्हाला."

"दाखवा की," भीमराव उठून बसले. "पर न्हाय दाखवलं, तर आक्काला आख्खा उन्हाळा माहेराला न्हेतो. तितं गार तरी हाय. बोला, मान्य?"

मानसिंगरावांनी बायकोकडे पाहिलं. 'नको' म्हणेल, निदान 'पोरांच्या परीक्षा आहेत' म्हणेल अशी त्यांची अपेक्षा होती. मुक्ताबाईंचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या पोत्यातले तांदूळ हातात घेऊन बघत होत्या. झालं, त्याच घटकेला धबधब्याची पायाभरणी झाली असं समजायला हरकत नाही.

आता सोलापुरात घराच्या मालकानं काहीही बांधायला काढलं की त्याचा निम्मा मालक शेजारी होतो. सिद्धलिंगप्पा रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचा माल उतरताना बघितला होता, आणि उभं राहून बघण्याची त्यांची सवय निवृत्त झालेली नव्हती. पहिल्याच सकाळी ते कुंपणापाशी आले.

"येन्री सर, काय काढलंय? शौचकूप का?"

"धबधबा."

"अस्सं," सिद्धलिंगप्पा म्हणाले. त्यांनी पानाला चुना लावला. "झाकण लोखंडाचं टाका. सिमेंटचं तडकतंय."

धबधब्याला झाकण नसतं हे मानसिंगरावांनी त्यांना समजावून सांगितलं. मग धबधबा म्हणजे काय हेही सांगितलं. आधी आडातला गाळ काढायचा. मंगळवारच्या बाजारातून एक जुनी मोटर आणायची. मोटरनं आडातलं पाणी टेकाडाच्या माथ्यावरच्या छोट्या हौदात चढवायचं, तिथून ते खडकांवरून उड्या मारत खालच्या तळ्यात येणार, आणि तळ्यातून पुन्हा आडात. "म्हणजे तेच पाणी वर आणि तेच खाली. निसर्गातसुद्धा असंच असतं. जलचक्र."

"मग खालीच राहू द्या की त्याला," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "कशाला उगं तरास?"

या प्रश्नाला भूगोलात उत्तर नाही. सिद्धलिंगप्पांनीच मग पुढचा सल्ला दिला. पाण्याचं काम आहे, आधी परवानगी काढा, नाही तर बांधून झाल्यावर पाडायला येतात. मानसिंगराव सज्जन माणूस. ते पाण्याच्या कचेरीत गेले. तिथला कारकून सोसायटीच्याच खालच्या गल्लीत राहणारा होता, रोज सकाळी सायकलवरून जाताना "नमस्कार सर" म्हणायचा. कचेरीत मात्र त्यानं ओळख दाखवली नाही. कचेरीची ती शिस्त असते.

"नळ का?" त्यानं विचारलं.

"नाही. धबधबा."

कारकुनानं टाक खाली ठेवला. "घरगुती का व्यापारी?"

"घरगुती."

"आमच्याकडं विहीर आहे, आड आहे, हौद आहे, नळ आहे. धबधबा बसत नाही कशात."

"हौद लिहा मग."

"पण हौदातनं पाणी पडणार म्हणता."

"पडणार. सतत."

"मग ती गळती झाली सर," कारकून हळहळून म्हणाला. "गळतीला परवानगी देता येत नाही. गळती झाल्यावर नोटीस देता येते." मग त्याला दया आली असावी. त्यानं आवाज बारीक केला. "प्रयोजन काय म्हणता?"

"सौंदर्य."

कारकुनानं आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकलं तर नाही ना याची खात्री करून घेतली आणि म्हणाला, "असलं बोलू नका हितं. मी बघतो." बराच विचार करून त्यानं 'वाहता हौद' असा एक नवीनच प्रकार शोधून काढला. साहेबांनी त्यावर सही केली, कारण साहेबांना घरी जायची घाई होती. मानसिंगराव घरी आले ते छाती पुढे काढून. आपल्या धबधब्याला सरकारमान्यता आहे ही गोष्ट त्यांनी त्या संध्याकाळी मुक्ताबाईंना तीनदा सांगितली. मुक्ताबाई म्हणाल्या, "बरं हाय. जेवून घ्या."

आडाचा गाळ निघाला आणि खाली, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पाणी लागलं. स्वच्छ, नितळ, हात घातला तर गार. मोटर आणली. मोटर चालू केली की आधी कण्हायची, मग रडायची आणि मग एकदम कामाला लागायची. आता उरला प्रश्न गवंड्याचा.

गवंडी म्हणजे धुळाप्पा. पंचक्रोशीत नाव असलेला माणूस. त्यानं बांधलेली भिंत बघायला लोक दुधनीहून येतात असं तो स्वतः सांगायचा. तो आला, टेकाड बघितलं, ओळंबा सोडला, डोळा बारीक केला. मानसिंगरावांनी त्याला पाठ्यपुस्तकातलं चित्र दाखवलं आणि म्हणाले, "धुळाप्पा, एकच गोष्ट लक्षात ठेवायची. हे बांधलेलं दिसता कामा नये. नैसर्गिक दिसलं पाहिजे."

"म्हंजी कसं?"

"म्हणजे दगड वाकडेतिकडे. एक पुढं, एक मागं. देवानं टाकल्यासारखे."

धुळाप्पाच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं. "सर, मी वाकडं बांदू?"

"हो."

"लोक काय म्हनतील? धुळाप्पाला दिसंना झालं म्हनतील. माज्या पोरीचं लगीन व्हायचंय सर."

तरी त्यानं काम घेतलं. मानसिंगराव शाळेत गेले की तो दगड सरळ करायचा. ते संध्याकाळी येऊन दगड वाकडे करायचे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ओळंबा लावायचा आणि पुटपुटायचा, "ह्यो दगुड रातीत हलतोय कसा?" आठवडाभरात टेकाडाच्या उतारावर नदीच्या घाटाच्या असतात तशा पायऱ्या उभ्या राहिल्या. सरळ, सारख्या, दोन दगडांमध्ये सिमेंटची रेघ काढलेली. त्यावर बसून कुणीही धुणं धुवावं. धुळाप्पा लांब उभा राहून आपल्या कामाकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

रागावले की मानसिंगरावांचं प्रमाण मराठी सोलापूर सोडून माढ्याला, आपल्या गावी निघून जायचं. "आरं धुळाप्पा, धबधबा सांगितला हुता की रं तुला! ह्यो काय घाट बांदलास?"

"घाट न्हवं सर, पाट हाय. पान्याला चालाय नीट पायजे का नगं? आडवंतिडवं चालाय ते काय दारू प्यालंय?"

धुळाप्पाला त्यांनी रजा दिली. पुढच्या रविवारी स्वतः पहार घेतली, पायऱ्या उचकटल्या, टेकाडावरचे काळे दगड स्वतःच्या हातानं आणून पाठ्यपुस्तकाच्या चित्राप्रमाणे रचले. दोन बोटं ठेचली, पाठीत उसण भरली, पण काम झालं. आणि खरं सांगायचं तर ते फार छान दिसत होतं. मुक्ताबाई चहा घेऊन आल्या तेव्हा थबकल्या. "हे तर खरंच दिसतंय वो," त्या म्हणाल्या. मानसिंगरावांना बोटांचा ठणका जाणवेनासा झाला.

त्यांनी मोटर लावली. मोटर कण्हली, रडली, कामाला लागली. माथ्यावरचा हौद भरला. पाणी काठावरून सांडलं, पहिल्या खडकावर पडलं, दुसऱ्या खडकाशी आलं आणि गायब झालं. मानसिंगराव खाली तळ्यापाशी वाट बघत उभे होते. पाणी आलं नाही. वर जाऊन बघितलं तर वर पडतच होतं. खाली येऊन बघितलं तर खाली काहीच नव्हतं. खडकांच्या फटींतून ते कुठंतरी आत निघून जात होतं. असं होतं हे त्यांनी वर्गात शिकवलेलं होतं, भूमिगत प्रवाह म्हणतात त्याला. फक्त तो पुढं कुठं वर येतो हे त्यांनी कधी विचारात घेतलं नव्हतं.

तो काशम्मांच्या अंगणात वर आला.

काशम्मा म्हणजे सिद्धलिंगप्पांच्या मंडळी. त्या दिवशी त्यांनी ज्वारीच्या कडक भाकरी करून टेकाडाच्या पायथ्याला चादर अंथरून उन्हात घातल्या होत्या. पापडाइतक्या पातळ, महिना-महिना टिकणाऱ्या, बोटानं टिचकी मारली की वाजणाऱ्या. काशम्मांच्या कडक भाकरीची कीर्ती सासरी-माहेरी दोन्हीकडे होती. चादरीखालून पाणी आलं आणि त्या सगळ्या भाकरी एकदम मऊ झाल्या.

काशम्मा कुंपणाशी आल्या. हातात एक भाकरी होती. ती त्यांनी नुसती उभी धरली. ती हळूहळू वाकली आणि त्यांच्या मनगटावर लोंबकळली.

"सर," त्या म्हणाल्या, "हे बघा."

मानसिंगरावांनी बघितलं. आयुष्यात त्यांना इतकी शरम कधी वाटली नव्हती, सहामाही परीक्षेत स्वतःचा मुलगा भूगोलात नापास झाला तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी दोन्ही घरी जेवायला ओल्या भाकरीचा कुस्करा होता. सिद्धलिंगप्पा मोठ्या मनाचे. ते कुंपणावरून म्हणाले, "छलो आतु सर, चांगलंच झालं. दाताला बरं पडलं."

धुळाप्पाला परत बोलवावं लागलं. तो आला, पण त्याच्या अटी होत्या. मध्ये बोलायचं नाही. चित्र दाखवायचं नाही. दगडाला हात लावायचा नाही. मानसिंगरावांनी सगळं कबूल केलं, कारण त्यांच्या वार्षिक परीक्षा सुरू होत्या आणि त्यांना दिवसभर वर्गात फिरावं लागत होतं. धुळाप्पानं सगळ्या फटी लिंपल्या, खालचं तळं पक्कं केलं आणि शेवटच्या दिवशी, सर पर्यवेक्षणाला गेले असताना, खडकाच्या तोंडाशी आपल्या पदरचं एक गोमुख बसवलं. काळ्या दगडात कोरलेलं, कान, शिंगं सगळं असलेलं.

"हे काय?" मानसिंगराव शाळेतून येऊन म्हणाले. अटीप्रमाणे त्यांना बोलायची परवानगी नव्हती, पण तोंडातून गेलंच. "धबधब्याला गोमुख?"

"मग पानी कुटनं पडनार सर? पान्याला तोंड नगं व्हय?"

आणि त्याच दिवशी निरोप आला की भीमराव रविवारी येत आहेत, पोरांना सुट्टी लागतेय, आक्काची तयारी ठेवा.

गोमुख काढायला वेळ नव्हता. मानसिंगरावांनी घाणेरीच्या फांद्या तोडून त्याच्यावर अशा झाकल्या की गाईचे फक्त डोळे दिसावेत, आणि जवळून बघितल्याशिवाय तेही दिसू नयेत. तळ्यात पाणी भरलं. धबधबा तयार झाला. तो नैसर्गिक दिसतो याची पहिली पावती सिद्धलिंगप्पांच्या म्हशीनं दिली. गिरिजा तिचं नाव. ती कुंपणाच्या भगदाडातून सरळ आली, एकवार वास घेतला आणि तळ्यात बसली. तिला बाहेर काढायला दोन्ही घरची माणसं लागली, आणि गढुळलेलं तळं उपसून कोरडं करावं लागलं. मानसिंगराव तिच्यावर रागावले नाहीत. आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी धबधबा पाहिला त्यांत शंका न घेणारी ती एकटीच होती.

मग त्यांनी ती चूक केली. चूक म्हणजे तरी काय, एक वाक्य. शाळेच्या स्टाफरूममध्ये, तिकटीवर, दळणाच्या गिरणीत आणि मुख्य म्हणजे सिद्धलिंगप्पांना त्यांनी मोठ्या आनंदानं सांगितलं, "रविवारी पाच वाजता पाणी सोडणार आहे. सगळ्यांनी यायचं."

आता वाचकहो, एप्रिलमध्ये सोलापुरात 'पाणी सोडणार' याचा अर्थ एकच होतो. नळाला तसं एक दिवसाआड पाणी यायचं, पण आमची सोसायटी पडली उंचावर. चढ चढता चढता पाणी दमायचं आणि खालच्या गल्लीतच थांबायचं. गेला आठवडाभर तर ते खालच्या गल्लीतही पोचलं नव्हतं. बायका वाट बघून बघून नळाची तोटी उघडीच ठेवत होत्या. अशा वेळी सिद्धलिंगप्पांनी घरोघरी जाऊन सांगितलं, "रविवारी पाचला बागल सर पाणी सोडतात." कुणी विचारलं नाही कुठलं पाणी. पाण्याला कुणी आडनाव विचारत नाही.

रविवारी भीमराव फणस घेऊन उतरले. मानसिंगरावांनी त्यांना परसाकडे फिरकू दिलं नाही. शाळेतून आणलेली बाकं मांडली, भाषण पाठ केलं. चारच्या सुमारास काशम्मा आल्या आणि त्यांनी तळ्याच्या काठावर एक लखलखीत पितळी घागर ठेवली. मानसिंगराव भारावले. "काशम्मा, जलपूजनाला आणलीत? फार छान केलंत."

काशम्मांनी त्यांच्याकडे विचित्र नजरेनं बघितलं आणि घागरीच्या मागं एक दगड ठेवला.

"हा?"

"ह्यो माझ्या बहिणीचा नंबर."

मग कळशा आल्या, हंडे आले, बादल्या आल्या, तेलाचे पत्र्याचे डबे आले. पाव तासात परसातून ओळ निघाली ती घराला वळसा घालून रस्त्यावर गेली. बाकांवर कुणी बसलंच नाही, बाकांवर लोकांनी हंडे ठेवले. मानसिंगरावांना वाटलं, लोक प्रेमानं येतात, येताना रिकाम्या हातानं यायचं नाही म्हणून भांडं आणतात. माणूस स्वतःच्या धबधब्यापुढे उभा असला की त्याला असं काहीही वाटू शकतं. ओळीच्या मध्यावर पाण्याच्या कचेरीतला तो कारकूनही होता, पांढरा पायजमा, दोन हातांत दोन बादल्या. आज त्यानं ओळख दाखवली. "नमस्कार सर. वाहता हौद म्हणून मी लिहिलंच होतं."

मानसिंगराव बाकावर चढले. "बंधूंनो आणि भगिनींनो, पृथ्वीच्या पृष्ठभागावर जेव्हा कठीण आणि मृदू खडकांचे थर—"

"सर," काशम्मा खालून म्हणाल्या, "आधी पाणी सोडा, मग बोला. गर्दी वाढतीया."

त्यांनी मोटर लावली. मोटर कण्हली. सगळी सोसायटी श्वास धरून उभी राहिली. मोटर रडली, कामाला लागली, आणि माथ्यावरचा हौद भरून घाणेरीच्या फांद्यांतून पाणी आलं. धुळाप्पानं केलेलं काम ते. एक थेंब इकडे गेला नाही, एक थेंब तिकडे उडाला नाही. गोमुखातून सरळ, मनगटाएवढी, एकच्या एक धार. काशम्मा पुढं झाल्या, "झुडुप आडवं येतंय की हो मधी" म्हणून त्यांनी मानसिंगरावांची सगळी घाणेरी मुठीत धरून उपटून फेकून दिली, आणि धारेखाली घागर लावली. घागरीचं तोंड आणि गोमुखाची धार यांचं माप जणू घेऊनच केलं होतं.

परसात एकच आरोळी झाली. भीमराव ओसरीवरून उठून आले. ते गर्दीतून पुढं घुसले, गोमुखाकडे बघितलं, ओळीकडे बघितलं, मग मानसिंगरावांकडे.

"दाजी, धबधबा कुटाय?"

"हा काय."

"ह्यो? ह्यो तर नळ हाय."

"आरं नळ कसला? धबधबा हाय त्यो!" मानसिंगरावांची भाषा माढ्याला पोचली होती. "मागं सरा! आरं मागं सरा, जरा पडू द्या की त्याला खाली!"

पण पाणी खाली पडेलच कसं? एक घागर हलली की दुसरी लागत होती. खालच्या तळ्यात उन्हाळाभर जेवढं पाणी पडायला हवं होतं, तेवढं सोसायटीच्या डोक्यावर बसून घरोघर निघालं होतं. गिरिजा भगदाडातून डोकं घालून कोरड्या तळ्याकडे बघत उभी होती, आणि या जगात आपलं दुःख फक्त तिलाच कळलंय असं मानसिंगरावांना वाटलं.

तेवढ्यात ओळीत भांडण लागलं. काशम्मांचा दगड कुणीतरी लाथेनं सरकवला होता. मुक्ताबाईंनी पदर खोचला आणि त्या मध्ये गेल्या. "एकीनं एकच! काशम्मा, तुमची झाली न्हवं? दगडाचा नंबर लागत न्हाय. ए तू, लहान कळशीवाली, पुढं ये. तुज्या घरात बाळंतीन हाय." मानसिंगराव बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

दिवेलागणीला शेवटची बादली भरली, ती कारकुनाची. माणसं गेली. परसात चिखल राहिला, पायांचे ठसे राहिले, घागरीखालची एक विसरलेली चुंबळ राहिली. मानसिंगराव बाकावर बसले. शेजारी भीमराव बसले, पायांचा चिखल बाकाच्या कडेला पुसला. मग म्हणाले, "आक्का, पिशवी भरतीस न्हवं? ठरलंय आपलं."

मानसिंगरावांनी मान खाली घातली. पण ते खोटं बोलणारे नव्हते. "जा तू," ते बायकोला म्हणाले. "भीमराव म्हणतात ते बरोबर आहे. मला जमलं नाही. पाणी वाजवून दाखवतो म्हणालो होतो. तुला माहेरी त्याचा आवाज तरी ऐकायला मिळेल."

"कसला आवाज?" मुक्ताबाई म्हणाल्या.

"ओढ्याचा. तूच म्हणाली होतीस, लग्न झाल्यावर. पायरीवर बसली होतीस. इथं पाणी वाजत नाही म्हणून."

मुक्ताबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून नाही, अगदी मोकळ्या. भीमरावही हसायला लागले.

"अवं, उन्हाळ्यात वडा वाजतोय व्हय कुटं? वड्यात पानी किती, बोटभर! पहाटं समद्या गावच्या बाया यायच्या वड्यावर. घागरी आपटायच्या, भांडायच्या, हसायच्या, कुनाची सासू कशी हे समद्यांस्नी कळायचं. त्या आवाजाला आमी पानी वाजलं म्हनायचो. आई उटवायची मला, ऊट गं, पानी वाजाय लागलं." त्यांनी खोचलेला पदर सोडला. "हितं आल्यावर पहाटं समदं गप्प. ज्याचं त्याचं दार बंद. ते म्हनलं मी."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी म्हनला, वाजवून दाखवतो. म्हनलं, वाजवा."

मानसिंगरावांनी चष्मा काढला. बी.ए.ला भूगोल घेतल्याचा त्यांना पहिल्यांदाच थोडा पश्चात्ताप झाला, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की ते चष्मा पुसायला लागले. भीमरावांनी विचारलं, "मग येतीस का न्हाय आक्का?"

"मी आल्यावर हितं नंबर कोन लावनार? काशम्मा दोन्दा घुसती." त्या चुंबळ उचलून आत गेल्या.

भीमराव एकटेच गेले. जाताना गोमुखाखाली तोंड धुतलं आणि म्हणाले, "दाजी, माघार घेतो. तुमच्या सोलापुरात घाम बी पडतो आन पानी बी."

पुढं काही दिवस मानसिंगरावांनी शाळेतून आल्यावर टेकाडाकडे बघून दोन-तीनदा उसासा टाकला. मग धबधब्यावर त्यांनी पाणी सोडलं. म्हणजे दोन्ही अर्थांनी सोडलं, आणि एका अर्थानं रोज सोडू लागले. पावसाळा येऊन नळाला पाणी येईपर्यंत रोज पहाटे मोटर लावायचं काम त्यांच्याकडे आलं. पण त्यांना जाग यायची नाही. परसात आधी एक घागर दगडावर टेकायची, मग दुसरी, मग काशम्मा कुणाला तरी कन्नडमध्ये काहीतरी सुनावायच्या, मग चारपाच जणी एकदम हसायच्या. अंधारात मुक्ताबाई उठून केस बांधायच्या, नवऱ्याच्या खांद्याला हात लावून हलवायच्या आणि म्हणायच्या,

"उटा, पानी वाजाय लागलं."